उघडी ठेवलेली नोंद

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी साडेदहाला डॅशबोर्ड लाइव्ह गेला. इथे सगळे त्याला नुसतं बोर्ड म्हणतात. साहेबांच्या खोलीतल्या भिंतीवर दारापेक्षा मोठा स्क्रीन. त्यावर सहा शाखा, सहा पट्ट्या — बंद पडलेली लिफ्ट चालू करायला कुठल्या शाखेला किती तास लागतात. पाच पट्ट्या हिरव्या. एक लाल.

लाल ती नदीपलीकडची.

टाळ्या. साहेब म्हणाले, "इतकी वर्षं विचारतोय, आपल्यात झोपलंय कोण? आज दिसलं." सगळे हसले. मीही हसले. चार महिने खपून केलेल्या कामावर कुणी खूश झालं की चेहरा आपोआप हसतो.

नदीपलीकडची शाखा दादा चालवतो. माझा सख्खा मोठा भाऊ. या इमारतीत ते कुणाला माहीत नाही.

४ फेब्रुवारी

चोवीस हा आकडा माझा. सरासरी चोवीस तासांच्या आत असली तर हिरवं, पुढे गेली तर लाल. कुणी ठरवून दिला नव्हता. नोव्हेंबरात एका दुपारी सूत्रात ती जागा रिकामी होती, काहीतरी घालायचं म्हणून घातला. एक दिवस. ऐकायला बरं वाटतं. नंतर विचारून घेऊ, असं मनाशी म्हणाले आणि विचारलं नाही.

आज सगळ्या शाखांना साहेबांचं पत्र गेलं. "कंपनीच्या चोवीस तासांच्या निकषानुसार." कंपनीचा निकष!

६ फेब्रुवारी

सहाही शाखांच्या भिंतींवर स्क्रीन लावून झाले. मेकॅनिक लोकांनी चहा पितानाही आपला रंग बघावा म्हणून. लावणारा माणूस परत येऊन सांगत होता, नदीपलीकडे कुणीतरी स्क्रीनवर कामाचा शर्ट वाळत घातला. "म्हणाले, गरम असतो, लवकर वाळतो."

दादाचीच माणसं.

९ फेब्रुवारी, रविवार

दादाकडे जेवायला गेले. वहिनी वाढत होती. दादानं दुसऱ्या घासालाच विचारलं, "काय गं छोटे, ते लाल करतं कोण?"

"सिस्टीम करते."

"सिस्टीमला म्हणावं, एकदा माझ्याबरोबर खड्ड्यात उतर. डोक्यावर लिफ्ट लोंबतेय, पायाखाली ग्रीस. मग कर लाल."

वहिनी म्हणाली, "जेवताना तरी खड्ड्यातून वर या."

मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, एवढा वेळ लागतोच कशाला. दादा हसला. वेळ लागत नाही म्हणाला. दोन तास, फार तर चार. त्याच दिवशी लिफ्ट चालू होते, मेकॅनिक तिथूनच तक्रारी घेणाऱ्या ऑपरेटरला फोन करून सांगतो. पण तक्रारीची नोंद तो बंद करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, लोक कामाला निघतात त्या वेळी, त्याच माणसानं त्या इमारतीत परत जायचं. गर्दीत उभं राहून वीस फेऱ्या मारायच्या. दार कसं लागतंय, कुठल्या मजल्याला अडतंय, ते पायांनी ऐकायचं.

"रिकामी लिफ्ट नेहमी शहाण्यासारखी वागते. माणसं भरली की खरं बोलते. ते ऐकायचं, दिवसभर ती नीट चालली की मग संध्याकाळी नोंद बंद."

"दर वेळी?"

"दर वेळी. बावीस वर्षं."

"आमच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गेले होते," वहिनी म्हणाली. "मी नवी नवरी घरात, आणि हे कुठे? तर वर-खाली."

दोघंही हसले. मी ताटात बघत राहिले. बोर्ड दुरुस्तीचे तास मोजत नाही. नोंद बंद होईपर्यंतचे तास मोजतो. सूत्र मी लिहिलंय.

१० फेब्रुवारी

दिवसभर आकडे तपासले. एक लिफ्ट दुरुस्त झाल्यावर आठवड्याच्या आत परत बंद पडते, असं किती वेळा होतं ते काढलं. पाच हिरव्या शाखा: शंभरात बावीस ते एकतीस. नदीपलीकडे: शंभरात चार.

चार.

म्हणजे सगळ्यांत चांगली शाखा लाल आहे, आणि ती चांगली आहे म्हणूनच लाल आहे.

साहेबांना सांगायचं ते दोनच शब्द. सूत्र चुकलंय. पण सांगणार कोण? बहीण. नोकरीच्या अर्जात प्रश्न होता: या कंपनीत आपले कोणी नातेवाईक आहेत का? असतील तर घेत नाहीत, नियमच आहे. मी 'नाही' लिहिलं. तेव्हा मी नवऱ्याचं घर सोडून दादाच्या बाहेरच्या खोलीत अकरा महिने राहत होते. भाषा शिकवायचे ती शाळा बंद पडली होती. पस्तिशी उलटल्यावर संध्याकाळच्या वर्गाला जाऊन हे आकड्यांचं काम शिकले होते. अर्ज त्याच्याच टेबलावर भरला. पेन अडलं तेव्हा तो म्हणाला, "नाही लिही. मी काय तुझ्या शेजारी खुर्ची टाकून बसणार आहे?"

१३ फेब्रुवारी

उपाय सापडला असं वाटतंय. बोर्डाला दुसरं पान केलं. त्यावर एकच गोष्ट — परत बंद पडलेल्या लिफ्ट, शाखेप्रमाणे. नदीपलीकडची पट्टी इतकी लहान की नखाएवढी. पहिल्या पानावर कोपऱ्यात बटण ठेवलं. कुणीही दाबावं, दुसरं पान उघडेल, आणि जे मी बोलू शकत नाही ते आपोआप दिसेल.

शंकासुरानं तपासलं. आमच्याकडे कुठलाही बदल वर चढवण्याआधी त्याच्या हाताखालून जातो. बदल-वहीत लिहायचं, काय बदललं, का बदललं. मग तो जुन्या आकड्यांवर चालवून बघतो, सही करतो. शंका काढायचाच त्याला पगार आहे, म्हणून हे नाव. आज एकच शंका काढली. "हे मागितलं कुणी?"

"कुणी नाही. सुधारणा आहे."

"न मागता सुधारणा! तब्येत बरी आहे ना?"

सही केली.

१४ फेब्रुवारी

दुसरं पान किती जणांनी उघडलं ते मला दिसतं. एकानं. ती मी.

१८ फेब्रुवारी

बटण मोठं केलं. नारिंगी केलं. शेजारी बाण काढला. बोर्ड उघडायला एकोणीस सेकंद लागायचे ते चारवर आणले — वाटलं, लोक कंटाळून निघून जात असतील.

दोन जणांनी उघडलं. दुसरी मीच, साहेबांच्या बाहेरच्या संगणकावरून, चालतं का बघायला.

२० फेब्रुवारी

आज कळलं. साहेब बोर्डाला हातच लावत नाहीत. भिंतीवरच्या स्क्रीनला माऊस जोडलेला नाही. सेक्रेटरी बाई रोज सकाळी नऊला पहिलं पान छापतात आणि त्यांच्या टेबलावर ठेवतात. छापील पान मी पाहिलं. बटणही छापलं गेलंय, नारिंगी, बाणासकट.

शंकासुर म्हणाला, "दाबून बघ की. जोरात."

त्याच्याबरोबर हसले. मग स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

२४ फेब्रुवारी

सेक्रेटरी बाईंना विचारलं, दुसरंही पान छापाल का? म्हणाल्या, "साहेबांना एक कागद लागतो. दोन दिले की दोन्ही वाचत नाहीत."

२७ फेब्रुवारी

शाखाप्रमुखांना बोर्ड शिकवायचा वर्ग होता. मी शिकवलं. सहा जण आले. दादा तिसऱ्या रांगेत, वहिनीनं इस्त्री केलेला शर्ट घालून. मला बघून नुसती मान हलवली, अनोळखी बाईला हलवतात तशी.

महिना कसा निवडायचा, शाखा कशी निवडायची, सगळं दाखवलं. दुसरं पानही दाखवलं. बाजारातल्या शाखेचा प्रमुख जांभई देत होता. मग दादानं हात वर केला.

"मॅडम, लिफ्ट चालू झालीये, पण अजून आमची खात्री पटली नाही, असं असेल तर ते कुठे दाबायचं?"

बाजारवाला म्हणाला, "खात्रीचं बटण घरी असतं हो." हशा.

मी म्हणाले, "सध्या तशी सोय नाही."

"सोय करतं कोण?"

"मागणी आली की आम्ही करतो."

"मग माझी मागणी."

"लेखी द्यावी लागेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. मी लहानपणी कविता म्हणताना विसरायचे तेव्हा बघायचा तसा — थांबून, आठवेल आता, असं. मी पुढचा फिल्टर दाखवायला घेतला.

चहाच्या वेळी बाजारवाला मोठ्यानं सांगत होता, "आम्ही नोंद जिन्यातच बंद करतो. लिफ्टपर्यंत पोचायच्या आत!" शंकासुर कप घेऊन माझ्या शेजारी आला. "ऐकलंस? म्हणून तू दुसरं पान केलंस."

"तू साहेबांना सांगशील?"

"पान तुझं. मी का?"

"तुझं ते ऐकतात."

माझ्याकडे निरखून बघितलं त्यानं. पण बरं म्हणाला.

३ मार्च

सोमवारची बैठक. शंकासुर खरोखर बोलला. नोंदी आधीच बंद होतात, लिफ्ट परत बंद पडतात, हिरव्या पट्ट्या संशयास्पद आहेत. नीट, सावकाश, आकड्यांसह.

साहेब म्हणाले, "तुला हिरव्यातही शंका! अरे, सहा शाखा आहेत. मला एक कमी करायची आहे. पाच हिरव्या आणि एक लाल असताना मी हिरवी का उकरू?"

शंकासुर खाली बसला. माझी पाळी होती. मी समोरच्या कागदावर चौकोन काढत होते. त्यात आणखी चौकोन. बैठक संपली.

४ मार्च

पत्र निघालं. वीस तारखेला निर्णय. नदीपलीकडची शाखा बाजारातल्या शाखेत विलीन. अकरा मेकॅनिकांपैकी सहा घेणार, "बाकीच्यांबाबत यथावकाश". दादा बावन्न वर्षांचा आहे. त्याचा उल्लेखच नाही.

५ मार्च

दादाला फोन केला. म्हटलं, उद्यापासून नोंदी त्याच दिवशी बंद करत जा. बाकीचे सगळे करतात. दोन आठवड्यांत पट्टी हिरवी होईल.

"आणि दुसऱ्या दिवशी कोण जाणार?"

"जा ना. फेऱ्या मारा. फक्त नोंद आधी बंद करा."

"नाही जात गं मग कुणी. माणूस आहे. नोंद बंद झाली की काम झालं, पाय उचलत नाहीत. उघडी असली की डोक्यात टोचत राहते. टोचावी म्हणूनच उघडी ठेवतो."

"दादा, अकरा घरं आहेत."

"त्या इमारतींत किती घरं आहेत?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "आकडे तूच बघतेस ना तिथे?"

"हो."

"त्यात आम्ही खोटे दिसतो का?"

"नाही."

"मग झालं तर. कधी ना कधी कुणीतरी बघेल."

त्याला अजून वाटतंय, सिस्टीम म्हणजे दुसरं कुणीतरी.

९ मार्च, रविवार

दादाकडे गेले नाही. अंग दुखतंय असं कळवलं. वहिनीनं विचारलं, "वन्सं, डबा पाठवू का?" नको म्हणाले. दिवसभर खिडकीशी. समोरच्या इमारतीत माणसं लिफ्टची वाट बघत उभी असतात ते इथून दिसतं. बटण दाबलेलं असतं, तरी आलेला प्रत्येक माणूस परत दाबतो.

१० मार्च, सोमवार

साडेसातला कार्यालयात गेले. झाडणारी बाई आणि मी, दोघीच. सूत्र बदललं.

अवघड काहीच नव्हतं, हेच वाईट. मेकॅनिक लिफ्ट चालू झाल्याचा फोन करतो, ऑपरेटर तो शेऱ्यात लिहितो, वेळेसकट. बोर्ड आता नोंद बंद होण्याची वेळ धरत नाही. त्या फोनची धरतो. जिथे फोनच नाही तिथे नोंद बंद झाल्याची. सहाही शाखांना एकच नियम. खरं आहे, न्याय्य आहे, पहिल्या दिवसापासून असंच असायला हवं होतं.

बदल-वहीत लिहिलं नाही. लिहिलं असतं तर 'का' च्या रकान्यात काहीतरी लिहावं लागलं असतं.

सात ओळी. आठ वाजून पाच मिनिटांनी नदीपलीकडची पट्टी हिरवी झाली. सव्वीस दिवस घालवले बटण रंगवण्यात.

११ मार्च

छापील पान बघून साहेब खोलीबाहेर आले. "एका दिवसात? पत्राचा हिसका बसला वाटतं." खूश दिसत होते. सेक्रेटरी बाई म्हणाल्या, "मग कुठली शाखा कमी करायची?" साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

शंकासुर वही काढून बसला होता.

१२ मार्च

शंकासुर माझ्या टेबलाशी आला. बसला नाही.

"सूत्र बदललंय. सोमवारी सकाळी. वहीत नाही."

"विसरले."

"तू विसरत नाहीस. स्वल्पविराम बदललास तरी लिहितेस."

मी कीबोर्ड पुढे ओढला.

"मी चालवून बघितलं. तुझं नवं सूत्र बरोबर आहे. जुनं चूक होतं आणि मी त्यावर सही केली होती, ते माझं पाप. पण चोरून का?"

तो वाट बघत उभा राहिला. हा माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

"नदीपलीकडे शाखाप्रमुख आहे ना. तो माझा भाऊ."

आता तो बसला. मग म्हणाला, "झालं. आता सूत्र बरोबर असूनही चूक."

१३ मार्च

शंकासुरानं उद्यापर्यंत वेळ दिलाय. मी सांगितलं नाही तर तो सांगणार. "मला आवडेल म्हणून नाही," म्हणाला. "मला कळलंय म्हणून."

१४ मार्च

सांगितलं. सगळं. चोवीसचं, अर्जातलं, वीस फेऱ्यांचं, सोमवारचं. साहेब न बोलता ऐकत होते, ते कधीच असं ऐकत नाहीत. शेवटी म्हणाले, "म्हणजे बहीण आत बसून भावाचा रंग बदलते."

"सूत्र बरोबर आहे साहेब. शंकासु— त्यांनी तपासलंय."

"असेल. बरोबर निघालं तर शाखा ठेवू, मी काय वैरी आहे? पण तुम्ही इथे राहणार नाही. आणि अनुभवाचं पत्र असं देईन की दुसरं कुणी दारात उभं करणार नाही. आकड्यांच्या माणसानं नात्यासाठी आकडा हलवला, हे लिहीन. लिहू नको?"

लिहा म्हणाले.

तोवर जुनं सूत्र परत लावलं. पट्टी लाल.

१५ मार्च

दादाला कळलं. त्याला इथून फोन गेला होता, लेखी खुलासा द्या म्हणून. त्यानं मला फोन केला.

"ते लाल तूच केलं होतंस?"

"हो."

"आणि हिरवंही?"

"हो."

"मला विचारायचं तरी."

"तू नको म्हणाला असतास."

"आधी विचारायचं गं. लाल करायच्या आधी. दहा मिनिटांचं काम होतं." आवाज चढवला नाही. मग म्हणाला, "तुझं काय होणार?"

साहेब जे बोलले ते सांगितलं, शब्दाला शब्द. सांगायला नको होतं.

१७ मार्च

शंकासुर आणि बाहेरून आलेली एक हिशेब-तपासनीस, दोघं सहा महिन्यांचे शेरे चाळतायत. मला खोलीत घेत नाहीत. काचेतून दिसतं. पडद्यावर माझ्या पट्ट्या, त्यांचे हात.

१८ मार्च

जाता जाता शंकासुर हळूच म्हणाला, "बरोबर निघतंय. फोनच्या वेळा आणि शेरे जुळतात. आता तुझ्या भावानं फक्त पद्धत काय ती लिहून द्यायची, वीस फेऱ्यांची. मग शाखेला कुणी हात लावू शकत नाही."

टेबलाचा खण रिकामा केला. दोन पेनं, एक कंगवा, शाळेतून निघताना मुलांनी दिलेलं कार्ड. एका पिशवीत मावलं. किती दिवसांनी पोटभर जेवले. नोकरी जाणार, नाव जाणार, पुन्हा कुणाच्या तरी बाहेरच्या खोलीत — जाऊ दे. निदान एक पट्टी खरी राहील. बोर्ड लावल्यापासून पहिल्यांदा असं वाटलं की मी काहीतरी बरं केलं.

१९ मार्च

वहिनीला फोन केला. म्हणाली, "खुलासा लिहितायत. तीन कागद फाडले. मला वाचून दाखवत नाहीत. वन्सं, त्यांना तरी सांगा, एवढं काय लिहायचंय? जे आहे ते लिहायचं."

तेच लिहील म्हणाले. त्याला दुसरं येतच नाही.

२० मार्च, गुरुवार

दादाचा खुलासा आला. एक पान. दुसऱ्या दिवशी जाऊन फेऱ्या मारण्याची आमच्याकडे कुठलीही पद्धत नाही. माणसं संथ आहेत. लिफ्ट चालू झाल्याचे फोन माझ्या सांगण्यावरून काम व्हायच्या आतच केले जात. बहिणीला मी खोटं सांगितलं, तिनं विश्वास ठेवला. खाली सही.

शंकासुर खिडकीबाहेर बघत होता. साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही राहा. समज देऊन मिटवू. फसवलं भावानं तुम्हाला. असंच ना?"

मी हो म्हणाले.